ऑनलाइन व्यापाराची पहिली वर्षं, धंद्याचा अभ्यास आणि आपला केळीबाजार

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी जळगावात कॉमर्स शिकवतो. एम.कॉम.ची पोरं दरवर्षी प्रोजेक्टचे विषय घेऊन येतात आणि बहुतेक विषय एकाच साच्यातले, 'अमुक तालुक्यातील ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास'. प्रश्नावली छापायची, ओळखीपाळखीच्या शंभर जणांकडून भरून घ्यायची, टक्के काढायचे, बाइंडिंग करून जमा. पोरांना दोष देत नाही, त्यांना दुसरं काही कुणी दाखवतच नाही. पण यातून माणूस विचारल्यावर काय सांगतो तेवढंच कळतं. तोच माणूस खिशातून पैसे काढताना काय करतो ते नाही कळत.

सध्या मी ऑनलाइन व्यापाराच्या पहिल्या दहा वर्षांबद्दल वाचतोय, साधारण १९९४ ते २००४. जुलै १९९५ मध्ये अ‍ॅमेझॉनने पुस्तकं विकायला सुरुवात केली, सप्टेंबरमध्ये ईबेचे लिलाव सुरू झाले, आणि आपल्याकडे त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं. तेव्हा सगळी चर्चा घरबसल्या खरेदीची होती. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. प्रत्येक भाव, प्रत्येक बोली, हातात घेऊन परत ठेवलेली प्रत्येक वस्तूसुद्धा आपोआप लिहिली जायला लागली, आणि त्यातलं बरंचसं बाहेरच्या माणसालाही बघता यायला लागलं. जे आजवर व्यापाऱ्याच्या वहीत होतं ते उघड्यावर आलं.

यामुळे धंद्याचा अभ्यास करण्याची पद्धत खरंच बदलली का? आणि बदलली असेल तर आपल्या खान्देशात, जिथे केळी, कापूस, मिरची, डाळ, सोनं असे एवढे मोठे बाजार आहेत, तिथे त्यातलं काय उचलता येईल? मनापासून विचारतोय, अनुभव लिहा.

सावदेकर

जागा पकडून ठेवतो. आज बाग कापणी आहे, रात्री सविस्तर लिहितो. केळीबद्दल बोलायला भरपूर आहे.

खान्देशी_भाऊ

तुमनी ती प्रश्नावली मनाकडे बी उनी व्हती. पोऱ्यानी इचारं 'समाधानी शेतस का?', मी म्हनं हाव, लिखी ले. बिचारा भर उनमा फिरी राह्यंता भो!

तापीकाठ

@खान्देशी_भाऊ, हेच, अगदी हेच. तुमच्या मायेपोटी आमच्या तक्त्यात एक समाधानी ग्राहक वाढला :)

अर्थवेडा

उत्तम धागा. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम 'हो' आहे.

अर्थशास्त्रात जुना प्रश्न होता की एकाच वस्तूचे एकाच गावात दोन भाव का असतात. स्टिगलर यांनी १९६१ मध्ये मांडलं की भाव शोधत फिरायलाही खर्च येतो, चार दुकानं हिंडायचा वेळ, गाडीभाडं, म्हणून माणूस एका टप्प्यावर शोध थांबवतो आणि भावातला फरक टिकून राहतो. मग नेट आल्यावर सगळ्यांना वाटलं की आता शोधायचा खर्च संपला, म्हणजे फरकही संपणार. ब्रिन्योल्फसन आणि स्मिथ या दोघांनी हे तपासायचं ठरवलं. फेब्रुवारी १९९८ ते मे १९९९ या काळात ४१ दुकानांतून, काही नेटवरची काही साधी, पुस्तकांचे आणि सीडींचे ८,५०० हून जास्त भाव गोळा केले. नेटवरचे भाव ९ ते १६ टक्के कमी निघाले. पण गंमत पुढे आहे, नेटवरच्याच दुकानांमध्ये आपापसात फरक मोठा होता, पुस्तकांत सरासरी ३३ टक्के. आणि जो सगळ्यात स्वस्त तोच सगळ्यात जास्त विकत होता असंही नाही. म्हणजे शोधणं फुकट झालं तरी लोक ओळखीच्या नावाला जास्त पैसे देतच होते.

हे प्रश्नावलीने कधीच कळलं नसतं. 'तुम्ही स्वस्त दुकान निवडता का' असं विचारलं तर सगळे हो म्हणणार.

दुसरं उदाहरण लिलावाचं. ईबेवर लिलाव ठरलेल्या मिनिटाला बंद व्हायचा. अ‍ॅमेझॉनचेही तेव्हा लिलाव होते, तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पुढे जायची. रॉथ आणि ओकेनफेल्स यांनी दोन्हीकडच्या बोल्यांच्या नोंदी शेजारी ठेवून बघितल्या तर ईबेवर शेवटच्या क्षणी उड्या पडायच्या, अ‍ॅमेझॉनवर त्या मानाने फारच कमी. नियम एक बदलला की खरेदीदाराचं वागणंच बदलतं. रॉथ यांना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, बाजाराची रचना कशी करावी याच कामासाठी. आपल्या बाजार समितीत लिलाव कुठल्या क्षणी तुटतो आणि त्याचा भावावर काय परिणाम होतो हे कुणी बघितलंय का?

मनीषा_धुळे

वाखूसा (वाचनखूण साठवली). असं मराठीत वाचायला मिळत नाही. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

सुवर्णपेढी

मी सराफ बाजारात आहे, घरचा धंदा. अर्थवेडा म्हणतात ते ओळखीच्या नावाचं आम्हाला नवीन नाही, जळगावचं सोनं घ्यायला लोक विदर्भातून मराठवाड्यातून येतात ते कशासाठी, सोनं तर सगळीकडे सोनंच आहे. शुद्धतेवरचा विश्वास आणि मोडायला आणलं तर तोच माणूस परत घेईल ही खात्री. हे पिढ्यान्पिढ्या कमवावं लागतं. नेटवरच्या दुकानाला चार तारे मिळाले म्हणजे पत आली असं मी तरी मानत नाही. तारे कुणीही देतं.

अर्थवेडा

@सुवर्णपेढी, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि ती संशोधकांनाही होतीच. ईबेच्या १९९९ च्या नोंदी तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त खरेदीदारांनी शेरा दिलेला होता आणि त्यातले ९९ टक्के शेरे चांगले होते. मग प्रश्न पडतो की सगळेच चांगले तर उपयोग काय?

म्हणून रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. जुनी पोस्टकार्डं विकणारा एक जुना जाणता विक्रेता होता, ईबेवर त्याचं नाव झालेलं. त्याने सारख्याच प्रतीच्या पोस्टकार्डांच्या जोड्या लावल्या, एक कार्ड स्वतःच्या नावाने विकलं आणि त्याच्या जोडीचं नव्या कोऱ्या खात्यावरून. माल सारखा, पाठवणारा माणूस तोच. तरी जुन्या नावाला सुमारे ८ टक्के जास्त मिळाले. २००६ मध्ये हे छापून आलं.

म्हणजे तुम्ही म्हणता ती पेढीची पत खरीच आहे, फक्त तिची किंमत पहिल्यांदा आकड्यात मोजता आली. मला यात पेढीचा मान वाढलेला दिसतो.

सुवर्णपेढी

हे आवडलं. आठ टक्के पोस्टकार्डावर. सोन्यावर एवढा फरक कुणी देणार नाही, मजुरीतच दिसेल तो. पण मोजायची कल्पना चांगली आहे.

भरीत_पार्टी

अवांतर: चर्चा एवढी चालली आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याचा उल्लेख नाही? २०१६ मध्ये वांग्याला आणि केळीला दोघांना भौगोलिक मानांकन मिळालंय. पत म्हणतात ती ही. आता चालू द्या.

चटईवाला

आमचा एमआयडीसीत चटयांचा कारखाना आहे, प्लास्टिकच्या चटया. धंद्याच्या बाजूने लिहितो, संशोधनाचं तुम्ही बघा.

दोन हजार सालाच्या आसपास आमच्याकडे फॅक्स होता आणि वडील नेट कॅफेत जायला तयार नव्हते. मी जायचो, तासाचे पैसे मोजून, एका पोर्टलवर आमच्या मालाची माहिती टाकलेली होती तिथे आलेल्या चौकशा कागदावर उतरवून आणायचो. त्याआधी बाहेरचं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या मशीद बंदरातला दलाल. तो सांगेल तो रंग, तो सांगेल ती लांबी. आमची चटई पुढे कुठल्या देशात जाते, कोण अंगणात अंथरतं आणि कोण नमाजाला वापरतं, आम्हाला काही पत्ता नव्हता. चौकशा यायला लागल्या तेव्हा कळलं की लोक विचारतात घडी घालता येईल का, कडेला शिलाई कशी आहे, उन्हात रंग किती टिकतो. हे प्रश्न दलालापर्यंत येऊन थांबत असणार. आम्ही कडेची पट्टी बदलली ती या चौकशा वाचून.

मालाची विक्री त्यातून लगेच फार वाढली असं नाही. बऱ्याच चौकशा पोकळ असायच्या, एकाने नमुने मागवले आणि गायब झाला, कुरिअरचा खर्च आमच्या बोकांडी. पण गिऱ्हाईक काय शोधतंय हे पहिल्यांदा थेट कानावर आलं. धागाकर्ते लिहितात ती नोंद आम्हाला अशी मिळाली, वहीत हाताने उतरवलेली.

पुण्यातून_धुळेकर

चटईवाले साहेब, मस्त अनुभव.

मी आयटीत आहे, थोडी दुसरी बाजू मांडतो. नोंद झाली म्हणजे ती नोंद कुणाच्या हातात, हा प्रश्न येतोच. सप्टेंबर २००० मध्ये अ‍ॅमेझॉनने डीव्हीडीवर भावांचा प्रयोग केला, एकाच डीव्हीडीला वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळी सूट. लोकांनी आपापसात भाव ताडून बघितले आणि बोंब झाली. कंपनीने सांगितलं की कोणाला काय भाव दाखवायचा ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं, माणूस बघून नव्हे, आणि ६,८९६ जणांना पैसे परत केले, सरासरी माणशी ३ डॉलर १० सेंट. त्यातून धंद्याला दोन धडे मिळाले. एक, अंदाज बांधत बसण्यापेक्षा दोन गटांना दोन भाव दाखवून थेट बघता येतं. दुसरा, गिऱ्हाइकाला न सांगता असं केलं तर विश्वास जातो.

आज असले प्रयोग कंपन्या रोज करतात आणि निकाल स्वतःकडे ठेवतात. १९९८ मध्ये दोन प्राध्यापक बाहेरून भाव गोळा करू शकले. आता भावच दर माणसाला, दर तासाला वेगळा दिसतो, बाहेरच्या संशोधकाने गोळा करायचं काय? म्हणून तापीकाठ सरांचं 'उघड्यावर आलं' हे मला अर्धंच पटतं. थोडी वर्षं उघड्यावर आलं, मग पुन्हा वहीत गेलं, फक्त वही आता सिअ‍ॅटलला आहे.

अर्थवेडा

+१. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे.

नंदुरबारची_मिरची

आमच्याकडे या कधी पथारीवर. ओली लाल मिरची वाळत घातलेली, लांबवर लालच लाल, खोकला आल्याशिवाय कुणी पाच मिनिटं उभं राहू शकत नाही. व्यापारी येतो, मूठभर उचलतो, एक मिरची मोडून बघतो, देठ ओढतो, नाकाजवळ नेतो. ओलावा किती, फटकी मिरची किती, रंग आतून कसा, हे त्याला तेवढ्यात कळतं. फोटोवरून हे कसं कळणार? पुस्तक आणि सीडी नेटवर आधी का विकली गेली, कारण एक प्रत दुसरीसारखीच असते. शेतमाल तसा नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये ई-नाम, म्हणजे सरकारचा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, सुरू झालं तेव्हाही अडचण हीच होती, माल न बघता बोली कोण लावणार. आधी प्रतवारी, तपासणी, मग नेट. उलट केलं तर काय होणार ते दिसतंच आहे.

अर्थवेडा

@नंदुरबारची_मिरची, हा मुद्दा अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांवरून मांडला होता. विकणाऱ्याला मालाचं खरं ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, तर घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो, मग चांगला माल बाजारात यायचंच सोडतो. २००१ चं नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना मिळालं. तुमची मिरची मोडून बघणं हा त्यावरचा खान्देशी उपाय आहे आणि पूर्ण सन्मानाने म्हणतोय हे.

एमकॉम_भाग२

सर, मी तुमचीच विद्यार्थिनी आहे, ओळखलं असेल :) शेतमालावर झालेला अभ्यास मी वाचलाय. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात आयटीसीने २००० मध्ये ई-चौपाल सुरू केलं, गावात कॉम्प्युटर ठेवला, त्यावर सोयाबीनचे भाव दिसायचे आणि कंपनी स्वतःही खरेदी करायची, मालाची प्रत तपासून. अपर्णा गोयल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या जिल्ह्यांत ही केंद्रं आली तिथे मंडीतलाच सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्के वाढला. म्हणजे जो शेतकरी कंपनीला विकत नव्हता त्यालाही फायदा झाला, कारण मंडीतल्या व्यापाऱ्याला समजलं की याला आता दुसरीकडचा भाव माहीत आहे.

केरळात मासेमारी बोटींवर मोबाइल आल्यावर काय झालं यावर रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ चा अभ्यास आहे. समुद्रातूनच फोन करून कुठल्या किनाऱ्यावर भाव आहे ते विचारायचे. किनाऱ्या-किनाऱ्यामधला भावफरक जवळजवळ मिटला, फुकट जाणारे मासे थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला ४ टक्के स्वस्त मिळाले. कुठेही प्रश्नावली नाही, रोजचे भाव लिहून काढले होते.

मला अशा पद्धतीने प्रोजेक्ट करायचा आहे, पण भाव मिळवायचे कुठून?

आडत_दुकान

सगळे मिळून दलालाला झोडपायच्या आत माझंही ऐका. आमचं धान्याचं आडत दुकान आहे, चाळीसगाव भागात. शेतकरी माझ्याकडे येतो तो फक्त भावासाठी येत नाही. जूनमध्ये बियाण्याला पैसे, मुलीच्या लग्नाला उचल, दवाखान्यासाठी रात्री अकरा वाजता फोन. कागद नाही, तारण नाही. स्क्रीनवर भाव दिसतो, स्क्रीन उचल देत नाही. ज्याने उचल घेतली तो माल माझ्याकडेच आणणार, मग त्याला दहा गावचे भाव दाखवून उपयोग किती? तुम्ही अभ्यास करणार असाल तर भावाशेजारी उधारीही लिहा, नाहीतर आम्ही नुसते लुटारू दिसू आणि ते खरं नाही.

तापीकाठ

@आडत_दुकान, अतिशय मोलाचा प्रतिसाद, आभार. भाव आणि कर्ज एकाच व्यवहारात गुंतलेले असतात हे धाग्यात आधी आलंच नव्हतं.

गिरणामाई

अवांतर: अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तेल काढायला सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली. तेलापासून सॉफ्टवेअरपर्यंतची वाट आपल्याच मातीतून निघाली, म्हणजे आपल्याला नेट समजणार नाही असं कुणी म्हणू नका.

सावदेकर

कापणी झाली, गाड्या भरून गेल्या, आता निवांत लिहितो.

केळी बाजार समितीच्या ओट्यावर येत नाही. व्यापारी बागेत येतो, घड बघतो, त्याचे मजूर कापतात, त्याच्याच काट्यावर वजन आणि तिथूनच ट्रक उत्तरेकडे. बोर्डाचा भाव रोज जाहीर होतो, आता तर सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. नवतीचा (नव्या लागवडीच्या बागेचा) वेगळा, पिलबागेचा (जुन्या झाडांच्या पिलांवर धरलेल्या बागेचा) वेगळा, वापसीचा (निवडीत मागे राहिलेल्या मालाचा) वेगळा. पलीकडे बऱ्हाणपूरला लिलाव होतो, तोही भाव तासाभरात मोबाइलवर. म्हणजे भाव कळत नाही ही अडचण आमची राहिलेलीच नाही. एमकॉमवाल्या ताईंनी सांगितलेल्या मासेवाल्यांना भाव कळला की ते बोट दुसरीकडे वळवू शकत होते. माझी कापणीला आलेली बाग कुठे वळवणार? चार दिवस थांबलो तर माल झाडावर पिकायला लागतो आणि पिकलेला घड दिल्लीची गाडी धरत नाही.

खरी मेख बोर्ड आणि पट्टी, म्हणजे व्यापारी देतो ती हिशेबाची पावती, यांच्यामध्ये आहे. बोर्डावर एक आकडा, हातात येणाऱ्या पट्टीवर दुसरा. मध्ये दांड्याची घट, माल लहान म्हणून कमी, गाडी मिळत नाही म्हणून कमी, कधी माल टंचाईत असला की बोर्डाच्या वरही देतात. प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच कमी मिळालं. कुणाजवळ पुरावा नाही कारण दुसऱ्याची पट्टी कुणी बघितलेली नाही, आणि बघायला मागितली तर माणूस सांगताना वाढवून सांगतो, मान असतो ना त्यात.

ईबेवर प्रत्येक बोली दिसायची म्हणून ते प्राध्यापक अभ्यास करू शकले. आमच्या पट्ट्या घरोघरी कपाटात, खिळ्याला, दिवाळीच्या वहीत पडून आहेत. दिसला तो जाहीर भाव, मिळाला तो पट्टीतला. या दोघांतला फरक कुणी मोजेल तर शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या दोघांच्या कामाचं होईल. प्रामाणिक व्यापारी पण आहेत, त्यांची पत पण दिसेल, पोस्टकार्डवाल्यासारखी.

अर्थवेडा

सावदेकर, तुम्ही एका प्रतिसादात संशोधनाचा अख्खा आराखडा दिलात. विदा (डेटा) इंटरनेटवर नाही, खिळ्याला टांगलेला आहे!

तापीकाठ

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण उत्तर हाती लागलंय असं वाटतं. आपल्याला नवीन पोर्टल नकोय. यंदा पोरांना प्रश्नावली द्यायची नाही, पट्ट्या गोळा करायच्या. तारीख, बागेचा प्रकार, वजन, पट्टीवरचा भाव, त्या दिवसाचा बोर्डाचा आणि बऱ्हाणपूरचा भाव. आडत_दुकान यांच्या सांगण्यावरून उचल घेतली होती का, तेही. शेतकऱ्याचं आणि व्यापाऱ्याचं नाव कुठेही लिहायचं नाही, फक्त क्रमांक. आणि पुण्यातून_धुळेकर यांचा मुद्दा धरून, जमलेली माहिती ज्यांनी पट्ट्या दिल्या त्यांना सगळ्यांना परत द्यायची, आमच्या कपाटात ठेवायची नाही.

एमकॉम_भाग२

सर मी तयार आहे! माझं माहेर यावल तालुक्यात, काकांकडे जुन्या पट्ट्या गठ्ठ्याने आहेत.

सावदेकर

ताई, माझ्याकडच्याही घेऊन जा. दोन गोष्टी सांभाळा. नवती आणि पिलबाग एकत्र करू नका, नाहीतर फरक मालाचा निघेल आणि तुम्ही तो व्यापाऱ्याच्या माथी माराल. आणि पट्टीवर जी तारीख असते ती बऱ्याचदा हिशेबाची असते, कापणीची नसते. बोर्डाचा भाव कापणीच्या दिवसाचा लावायचा. शेतकऱ्याला विचारा कापणी कधी झाली, मजुरांच्या चुकाऱ्यावरून आठवतं त्याला.

आडत_दुकान

उचलीचं सरळ विचारलंत तर कुणी सांगणार नाही. पट्टीत 'वजा' म्हणून रक्कम असते ती बघा. धान्याच्या पट्ट्या लागल्या तर दुकानावर या, नावं झाकून देतो.

पुण्यातून_धुळेकर

पट्ट्यांचे फोटो काढून भरायला मी साधा तक्ता बनवून देतो, मोबाइलवर चालेल असा. रेंज नसली तरी भरता यायला हवं ना? यावल-रावेरला शिवारात रेंजचं कसं आहे सध्या?

सावदेकर

बागेत उभं राहिलं तर नाही, पंपहाऊसच्या छतावर येते. रेंज नसताना चालेल असंच करा.